काशीच्या सोबतीपासून पॅकेज टूरपर्यंत

गणपती गावाला गेले की आपल्याकडे पूजेच्या सुट्टीची गडबड सुरू होते. बंगालमध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पूजेच्या दिवसांत अर्धी बंगाली वस्ती घराला कुलूप लावून पुरी, दार्जिलिंग नाहीतर थेट काश्मीर गाठते आणि पाहता पाहता हा गुण आपल्या मराठी मंडळींनाही लागला आहे. मांडवात आरती झाल्यावर प्रसाद घेताना चर्चा हीच. "यंदा कुणाबरोबर जाताय?", "माणशी किती घेतात?", "जेवण आपल्यासारखे असते का?" आम्ही रेल्वेतले असल्यामुळे हे प्रश्न आमच्याकडे हमखास येतात.

याला एका वाक्यात उत्तर नसते. परंतु गटाने प्रवास करण्याची ही सगळी व्यवस्था कशी घडत आली हे थोडे पाहिले, तर पत्रकात छापलेले काय आणि न छापलेले काय ते जरा लवकर डोळ्यांत भरते. स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास वाचकांसमोर ठेवतो.

रेल्वे येण्यापूर्वी आपल्याकडे काशीयात्रा म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊन निघण्याचा प्रसंग. परत येऊ की नाही याची खात्री नसे. म्हणून एकट्याने कुणी निघत नसे. सोबत पाहिली जाई. गावातले, भाऊबंदांतले, वाटेत भेटलेले असे मिळून दहा-वीस जण होत. पेंढारी, ठग, पटकी, पूर आलेली नदी यांपैकी कशाचाही मुक्काम पत्रिकेत लिहिलेला नसे. या काळातला मराठीतला सर्वात प्रसिद्ध प्रवासी म्हणजे पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या आशेने ते १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. वाटेत एकदा सोडून अनेकदा लुटले गेले. अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी पोचले. त्यांनी लिहून ठेवलेला 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. इतिहासाचे पुस्तक म्हणून आपण तो वाचतो, पण प्रवासाच्या व्यवस्थेच्या दृष्टीने पुन्हा एकदा वाचून पाहावा. पैसा कमरेला कसा बांधायचा, रात्री कुठे उतरायचे, कुणावर विश्वास ठेवायचा, याचा विचार त्या माणसाला पावलोपावली करावा लागला.

त्या काळचे टूर एजंट कोण, असे विचारले तर मी क्षेत्रोपाध्यांचे नाव घेईन. काशी, गया, प्रयाग, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यांकडे गावावार आणि घराण्यावार वह्या असत, आजही आहेत. तुमचे गाव आणि आडनाव सांगितले की तुमच्या पणजोबांची सही निघते. उतरायला जागा, जेवण, विधीचे साहित्य, देवदर्शन, प्रसंगी उसने पैसे, सारे काही एकाच घरी. आजच्या भाषेत सगळे धरून पॅकेज. फरक एवढाच की किंमत आधी ठरलेली नसे. दक्षिणेचा आकडा विधी झाल्यावर, अनेकदा संकल्पाचे पाणी हातात असताना निघे. आता त्या वेळी घासाघीस कोण करणार!

पुरीच्या पंड्यांची पद्धत तर आणखी पुढची होती. त्यांचे गुमास्ते बंगालच्या खेड्यापाड्यांत हिंडून यात्रेकरू गोळा करीत आणि त्यांना घेऊन मेदिनीपूरवरून जाणाऱ्या जगन्नाथ सडकेने पायी पुरीला नेत. म्हणजे आपण आज जिथे राहतो त्या मुलखातूनच हे जथे जात असत. विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने १८७२ च्या आपल्या ओरिसावरील पुस्तकात या गुमास्त्यांचे सविस्तर वर्णन केले आहे. जथ्यात बायकांचे प्रमाण फार मोठे असे, त्यांतही विधवांचे. जाताना उत्साह, येताना रिकामी गाठ, पावसाळा आणि पटकी. वाटेत किती माणसे राहून जात याचा हिशेब कुणी ठेवत नव्हता.

पायी जाणे नको म्हणून पुढे कलकत्त्याहून आगबोटीने ओरिसातल्या चांदबालीपर्यंत जायचे आणि तिथून पुढे पुरी गाठायची, असा मार्ग निघाला. २५ मे १८८७ रोजी 'सर जॉन लॉरेन्स' ही आगबोट अशीच यात्रेकरू घेऊन निघाली आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळात बुडाली. सुमारे ७५० माणसे गेली, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. कलकत्त्यात हुगळीच्या काठी छोटेलाल घाटावर त्यांच्या स्मरणार्थ काही इंग्रज स्त्रियांनी बसवलेली संगमरवरी पाटी आहे. हावड्याला जाताना आपल्यापैकी अनेक जण तिथून शेदोनशे पावलांवरून जात असतील. या अपघातानंतर पुरीपर्यंत रेल्वे न्यावी ही मागणी जोराने पुढे आली. १८९७ मध्ये खुर्दा रोड ते पुरी हा फाटा सुरू झाला आणि १९०० च्या सुमारास बंगाल नागपूर रेल्वेने कलकत्ता या मार्गाला थेट जोडले. ज्या खरगपूर जंक्शनमुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला इकडे नोकऱ्या मिळाल्या, त्या जंक्शनच्या जन्मामागे मालवाहतूक तर होतीच, पण पुरीचा यात्रेकरूही होता.

तिकडे आपल्या बाजूचे चित्रही असेच बदलत होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. यात्रेकरूच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे वर्ष १८७०. त्या वर्षी मार्चमध्ये जबलपूरला जीआयपी आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे एकमेकींना मिळाल्या आणि मुंबईचा माणूस रुळांवरून अलाहाबाद, कलकत्त्यापर्यंत जाऊ लागला. काशीला अजून गंगा आडवी होती. पलीकडच्या काठावर उतरून नदी ओलांडावी लागे. १८८७ मध्ये राजघाटाजवळचा डफरिन पूल खुला झाला तेव्हा ती अडचण संपली. आज त्याला मालवीय पूल म्हणतात. खालून रेल्वे आणि वरून रस्ता असा तो पूल आहे. काशीला जाल तेव्हा घाट पाहून झाले की नावेतून तोही नीट पाहावा, ही माझी इंजिनीअरी शिफारस.

पंढरपूरला रेल्वे पोचली १९०६ मध्ये, बार्शी लाइट रेल्वेच्या कुर्डुवाडी-पंढरपूर फाट्याने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीअरने अडीच फूट गेजची ही लाइन अशी आखली होती की इंजिन असो, डबा असो वा मालवाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ नये. त्यामुळे रूळ हलके चालले आणि खर्च आटोक्यात राहिला. आषाढी-कार्तिकीला या चिमुकल्या गाडीने वाहिलेला भार आठवणारे वृद्ध अजून आपल्यात आहेत.

रेल्वेने यात्रा सोपी केली, पण यात्रेकरूला माणसासारखे वागवले असे म्हणता येणार नाही. तिसऱ्या वर्गाचे भाडे हे रेल्वे कंपन्यांचे मोठे उत्पन्न होते आणि मेळ्याच्या वेळी डबे कमी पडले की सरळ मालाच्या वाघिणी जोडल्या जात. १९१५ च्या कुंभाला हरद्वारला जाताना सहारनपूरपासून आपल्याला मालाच्या किंवा गुरांच्या, छप्पर नसलेल्या डब्यांत बसवले, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. पाण्याविना लोक कासावीस झाले होते. १९१२-१३ च्या सुमारास सरकारने प्रांतोप्रांती यात्रा समित्या नेमल्या त्याही मुख्यतः पटकीच्या भीतीने. यात्रेकरू मेळ्याहून परतताना रोग घेऊन येतो आणि रेल्वे तो दूरवर पोचवते, हे तोवर सरकारच्या ध्यानात आले होते. पिण्याचे पाणी, संडास, धर्मशाळेत किती माणसे मावतात, वाघिणी वापराव्यात की नाही, अशा बाबी पहिल्यांदाच कागदावर आल्या. म्हणजे गटाने येणाऱ्या माणसाला किमान काय दिले पाहिजे हा प्रश्न शंभर वर्षांचा जुना आहे.

आता थोडे विलायतेकडे वळू, कारण 'पॅकेज' ही कल्पना तिकडून आली. टॉमस कुक हा इंग्लंडमधला दारूबंदीचा प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला भरणाऱ्या दारूबंदीच्या सभेसाठी रेल्वेशी बोलून खास गाडी ठरवली. सुमारे ५०० माणसे, जाऊन-येऊन भाडे एक शिलिंग. त्यात त्याच्या लक्षात जी गोष्ट आली तीच आजतागायत या धंद्याचा पाया आहे. रिकामी जाणारी गाडी रेल्वेलाही परवडत नाही. पाचशे माणसे एकदम आणून देणाऱ्याला ती सवलत देते. जागा घाऊक घ्यायची आणि किरकोळ विकायची. पुढे १८६८ पासून त्याने हॉटेलची कुपने काढली. पैसे आधी कुककडे भरायचे आणि परदेशातल्या हॉटेलात नुसते कुपन द्यायचे. १८७२-७३ मध्ये त्याने मोजक्या प्रवाशांना २२२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घडवली, त्यात हिंदुस्थानही होता. १८८१ पासून कंपनीचे कार्यालय आपल्याकडे सुरू झाले.

फारशी कुणाला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हजच्या यात्रेकरूंची व्यवस्था याच कंपनीकडे सोपवली होती. जहाजात कोंबाकोंबी, वाटेल ते भाडे, परतीच्या तिकिटाविना जेद्दाला अडकून पडलेली गरीब माणसे, अशा तक्रारी फार झाल्या होत्या. कुकने देशातल्या रेल्वे स्टेशनपासून जेद्दापर्यंत आणि परत असे एकच तिकीट देण्याची योजना केली. कल्पना चांगली होती, पण यात्रेच्या या धंद्यात श्रीमंत पर्यटकाकडून मिळतो तसा नफा नव्हता. १८९३ मध्ये ती व्यवस्था संपुष्टात आली. गरिबाच्या यात्रेत पैसा सुटत नाही आणि सुटवायचा तर कुठेतरी काटकसर करावी लागते, हे तेव्हा दिसले. आजचे फार स्वस्त पत्रक हाती आले की मला कुकच्या या सात वर्षांची आठवण येते. काटकसर कुठे केली आहे ते शोधावे. ती असतेच.

देशी माणसाने देशी माणसांसाठी काढलेल्या सहलींत बंगालचे नाव आधी घ्यावे लागेल. कलकत्त्याची 'कुंडू स्पेशल' १९३३ मधली. रेल्वेचा डबा घ्यायचा, सोबत आपले स्वयंपाकी, आपली भांडी, आपले जेवण आणि बंगाली कुटुंबांना सगळा हिंदुस्थान दाखवून आणायचा. काश्मीरमध्येही माशाचे कालवण पानात, ही यातली खरी जादू. पुढे ऑक्टोबर १९५६ पासून केंद्र सरकारच्या नोकरांना रजा प्रवास सवलत म्हणजे एलटीसी मिळू लागली. बंगाली माणसाच्या भ्रमंतीला या सवलतीने फार मोठा हातभार लावला, हे आपण शेजारी राहून पाहिलेच आहे. आम्हा रेल्वेवाल्यांना पास असल्यामुळे एलटीसी नव्हती. २०१८ पासून पास सोडून चार वर्षांतून एकदा ती घेण्याची मुभा मिळाली. पास असूनही आमच्यातले कितीतरी लोक निवृत्तीपर्यंत आजोळ आणि सासर यापलीकडे गेले नाहीत. फुकट तिकीट मिळाले म्हणून माणूस प्रवासी होत नाही!

महाराष्ट्रातल्या यात्रा कंपन्यांची पद्धतही कुंडूंसारखीच होती: चारधाम, अष्टविनायक, दक्षिण भारत, सोबत आचारी आणि पिठलेभात. या धंद्याला मध्यमवर्गीय सहलीचे नीटनेटके रूप मिळाले त्यात केसरी पाटील यांचे नाव मोठे आहे. त्यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड काढली. परदेशात मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि संध्याकाळी वरणभात मिळेल, या दोन आश्वासनांवर ज्यांनी आयुष्यात मुंबई-पुण्यापलीकडे पाऊल टाकले नव्हते अशी हजारो माणसे युरोप पाहून आली. काही लोक याची थट्टा करतात. मी करणार नाही. साठी उलटलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या बाईला एकटीने जग पाहायला निघण्याची हिंमत या वरणभाताने दिली आहे. खास महिलांच्या सहली तर मराठी कंपन्यांनी फार चांगल्या रुजवल्या. जगन्नाथ सडकेवरून गुमास्त्यामागून चालणाऱ्या त्या विधवा आणि स्वतःच्या पैशाने मैत्रिणींबरोबर विमानात बसणाऱ्या आजच्या काकू यांच्यामधले अंतर मोजायला माझ्याकडे पट्टी नाही.

आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांची मात्र एक वेगळी अडचण आहे. मराठी कंपनीची सहल बहुधा मुंबईहून किंवा पुण्याहून निघते. पत्रकातला मोठ्या टाइपातला दर तिथला. आपण खरगपूरहून मुंबईला जायचे, तिथून श्रीनगरला आणि परत तसेच, हे वेळ आणि पैसा दोन्हींच्या दृष्टीने उलटे पडते. यासाठी कंपन्यांकडे 'जॉइनिंग-लीव्हिंग' असा दर असतो. म्हणजे तुम्ही आपापले श्रीनगरला या, तिथून गटात सामील व्हा आणि शेवटी तिथूनच निघा. हा दर विचारल्याशिवाय सहसा सांगत नाहीत, म्हणून विचारावा. परंतु त्यात एक मेख आहे. तुमची गाडी किंवा विमान उशिरा पोचले तर गट थांबत नाही, आणि चुकलेल्या दिवसाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून जॉइनिंगच्या ठिकाणी एक दिवस आधी पोचावे. हिवाळ्यात उत्तरेकडे धुके असते तेव्हा तर नक्कीच. दुसरा मार्ग, बंगाली कंपनीबरोबर जाणे. सोयीचे पडते, दरही बरे असतात. शाकाहारी लोकांनी आधी 'निरामिष' हा शब्द बुकिंगच्या कागदावर लिहून घ्यावा, नुसता तोंडी सांगू नये.

रेल्वे स्वतःही या धंद्यात उतरली. २६ जानेवारी १९८२ ला 'पॅलेस ऑन व्हील्स' सुरू झाली, २००४ मध्ये आपली 'डेक्कन ओडिसी'. त्या गाड्या आपल्यासाठी नव्हत्या हे दरपत्रक पाहिले की कळते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या आयआरसीटीसीने पुढे 'भारत दर्शन' गाड्या काढल्या त्या मात्र सामान्य माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'भारत गौरव' योजना जाहीर झाली आणि खासगी कंपन्यांनाही पूर्ण गाडी भाड्याने घेऊन चालवण्याची वाट खुली झाली. पहिली गाडी १४ जून २०२२ रोजी कोइमतूरहून शिर्डीला निघाली.

या गाड्यांचे पत्रक वाचताना एक शब्द नीट पाहावा: 'वॉश अँड चेंज'. याचा अर्थ त्या ठिकाणी तुम्हाला रात्रीची खोली नाही. आंघोळ करून कपडे बदलण्यापुरती, अनेकदा पाच-सहा जणांत मिळून एक खोली किंवा हॉल मिळेल आणि रात्र गाडीतच काढायची. दहा रात्रींच्या सहलीत हॉटेलच्या रात्री किती आणि बर्थवरच्या किती, हे मोजल्याशिवाय दोन पत्रकांच्या दरांची तुलना होऊच शकत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक तिसऱ्या दिवशी कळतो. तसेच 'सात दिवस' या शब्दाचे. पहिल्या दिवशी संध्याकाळी पोचणे आणि सातव्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघणे धरून सात होतात. पाहण्याचे दिवस पाच. स्थळांच्या यादीत 'दर्शन' लिहिले आहे की 'बाहेरून दर्शन' तेही पाहावे. दर माणशी असतो तो दोघांत एक खोली धरून. एकट्या माणसाला जास्तीचे पैसे पडतात. मंडळातल्या ज्या ज्येष्ठ व्यक्ती एकट्या आहेत त्यांनी बुकिंगआधीच जोडीदार पाहून ठेवला तर बरीच बचत होते.

काशी आणि रामेश्वर यांची जोडी आपल्याकडे फार जुनी. गंगेचे पाणी रामेश्वराला घालायचे, सेतूची वाळू प्रयागला सोडायची. रामेश्वर बेटाला रेल्वेने जोडणारा पांबन पूल १९१४ मध्ये खुला झाला. डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी समुद्राच्या लाटेने गिळली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. धनुष्कोडी कायमचे उजाड झाले. पूल मात्र ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. आम्हा पुलांवर काम करणाऱ्यांना हा आकडा आजही तोंडपाठ असतो. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या पुलावरची वाहतूक थांबवली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारी उभारलेल्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. त्याचा ७२.५ मीटरचा मधला गाळा जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. मधल्या सव्वादोन वर्षांत गाड्या अलीकडेच थांबत आणि पुढचा प्रवास रस्त्याने होई. सहल ठरवताना जुनी माहिती जुळवून छापलेले पत्रक असू शकते. ज्या वाटेने नेणार ती आज चालू आहे का, हे वर्तमानपत्रात किंवा स्टेशनवर विचारून घेतलेले बरे.

आता जरा कठीण विषय. डबा भाड्याने घेऊन सोबत आचारी नेण्याची जी परंपरा वर सांगितली, तिची दुसरी बाजू २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईला दिसली. लखनौहून यात्रेकरूंना घेऊन निघालेला खासगी पार्टीचा डबा पहाटे मदुराईच्या यार्डात उभा होता. आत चोरून नेलेल्या गॅस सिलिंडरवर चहा करताना आग लागली. नऊ यात्रेकरू गेले. असा डबा पूर्ण भाडे भरून, ज्याला आमच्याकडे एफटीआर म्हणतात, कुणालाही घेता येतो. पण त्यात ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाही, हे लिहून घेतले जाते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही स्वस्त यात्रेत आचारी आणि शेगडी डब्यात चढते, कारण बाहेरचे जेवण महाग पडते. मी हे मुद्दाम लिहितो आहे. आपल्याकडूनही एखाद्या वर्षी मंडळाची यात्रा काढावी अशी सूचना सभेत येते. डबा घ्यायचा तर जेवण वाटेतल्या स्टेशनांवर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी शिजेल, चालत्या अगर उभ्या डब्यात नाही, हे ठरावात लिहूनच पुढे जावे. कुणी म्हणेल, आमच्या वेळी स्टोव्ह लावतच होतो. लावत होते, खरे आहे. डब्यात फोम आणि रेक्झिनही तेव्हापासूनच आहे.

पैशाच्या सुरक्षिततेचेही पाहू. इंग्लंडमध्ये सहल कंपनी बुडाली तर प्रवाशाचे काय, यासाठी १९७३ मध्ये 'अटॉल' नावाची परवाना योजना आली. लगेच पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कोर्ट लाइन ही मोठी कंपनी बुडाली आणि व्यवस्था आणखी घट्ट करावी लागली. २३ सप्टेंबर २०१९ ला खुद्द टॉमस कुकची कंपनी १७८ वर्षांनी बंद पडली तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारी यंत्रणेने विमाने पाठवून घरी आणले. भारतातली त्याच नावाची कंपनी २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची असल्यामुळे चालू राहिली. आपल्याकडे अटॉलसारखा निधी नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यता आहे, परंतु ती घेणे ऐच्छिक आहे. म्हणजे गल्लीतला कुणीही उद्या सकाळी पत्रके छापून आगाऊ रक्कम घेऊ शकतो. पैसे अडकले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, तो नव्या रूपात जुलै २०२० पासून लागू झाला. त्या दारी जायचे तर हातात पावती, छापील कार्यक्रम आणि रद्द करण्याच्या अटी लागतात. २०२० च्या टाळेबंदीत विमान तिकिटांचे पैसे परत करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १ ऑक्टोबरला निर्णय दिला. सहल कंपन्यांकडे अडकलेल्या अनेकांना मात्र पैशाऐवजी 'क्रेडिट नोट' घ्यावी लागली. म्हणून आगाऊ रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी, चेकने किंवा बँकेतून द्यावी, आणि गट पूर्ण भरला नाही तर सहल रद्द होणार का व पैसे किती दिवसांत परत, हे लेखी घ्यावे. क्षेत्रोपाध्यांच्या काळी आकडा शेवटी निघायचा. आता निदान आधी विचारण्याची सोय आहे.

ज्यांना कंपनीबरोबर जायचेच नाही त्यांच्यासाठी रेल्वेची एक जुनी सोय अजून चालू आहे, आणि आमच्या खात्यातल्याही कित्येकांना ती ठाऊक नसते. वर्तुळाकार प्रवासाचे तिकीट. निघालो त्याच स्टेशनवर परत येणारा मार्ग आपण आखायचा, उदाहरणार्थ खरगपूर, पुरी, चेन्नई, रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी आणि परत. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते. भाडे आकारताना एकूण अंतराचे दोन सारखे भाग धरून दोन एकेरी प्रवासांचे भाडे लावतात. अंतर वाढते तसा किलोमीटरमागचा दर उतरत जात असल्यामुळे सुट्या सुट्या तिकिटांपेक्षा हे बरेच स्वस्त पडते. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे त्यांना तर हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मार्ग लिहून मोठ्या स्टेशनच्या व्यवस्थापकाकडे किंवा विभागीय वाणिज्य कार्यालयात अर्ज द्यायचा, तिकीट काढायचे आणि मग प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करायचे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. दिवाळीनंतर निघायचे असेल तर अर्जाची तयारी विसर्जनानंतरच्या आठवड्यातच सुरू करायला हवी. मार्ग आखायला मदत लागली तर मी संध्याकाळी सहानंतर मांडवात असतोच.